महिपतमामाच्या छातीतली बस

आमच्याकडे नवरी आपल्या पायांनी मांडवात जात नाही. मामा तिला उचलून नेतो. वाजंत्री पुढे, मामा मागे आणि मामाच्या हातांवर पिवळ्या साडीतली नवरी. नवरी काडीपैलवान असो की खात्यापित्या घरची, मामाची सुटका नाही. माझ्या मावसबहिणी सगळ्या महिपतमामानेच नेल्या. त्यातल्या थोरलीच्या लग्नात मी एवढीशी होते आणि मामाचं धोतर धरून मी भोकाड पसरलं होतं, की आधी मला उचल. मामा म्हणाला होता, "तुही पाळी येईन वं रुपा. तवा तू म्हशीएवढी झाली असन तरी उचलीन."

मी म्हशीएवढी झाले नाही, पण डॉक्टरकीच्या अभ्यासाने माणूस बारीक होत नाही हेही खरं. आता मी तेलंगणात आदिलाबादला सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. स्वभावाने तापट आहे असं वॉर्डातली माणसं म्हणतात. मी म्हणते स्पष्ट आहे. वैशाखात माझं लग्न ठरलं, वीज खात्यातल्या ईशानशी, आणि तारीख निघाली त्या दिवसापासून मामाने तालीम सुरू केली.

तालीम म्हणजे खरोखरची. मामाचं गाव तामसीच्या पुढे, पैनगंगेच्या काठाला. तिथे रोज सकाळी तो ज्वारीचं पोतं दोन्ही हातांवर आडवं घ्यायचा आणि ओसरीपासून गोठ्यापर्यंत चालत जायचा, अगदी सावकाश, नवरी नेताना चालतात तसा. गोठ्याशी पोतं उभं करायचं, त्याच्यावर चार दाणे अक्षता म्हणून टाकायचे आणि परत. साठी उलटलेला माणूस. लोक चहा घेऊन बघायला यायचे. रेणुकामामी मला फोनवर सगळा वृत्तांत द्यायची. एकदा म्हणाली, "आज पोत्यात अजून ज्वारी भरली त्याईनं. तुह्या मायनं तुहं वजन सांगतलं वाटते." त्यानंतर मी आईशी दोन दिवस बोलले नाही.

मग एका सकाळी मामीचा वेगळाच फोन आला. आवाज दबलेला. "पोतं घेऊन जाता जाता मधातच खाली बसले. डोळ्यापुढं अंधारी आली म्हणे. कोणाले सांगू नको म्हणून राह्यले, म्हून तुले सांगून राह्यली."

मी मामीला सांगून मामाला त्याच दिवशी तामसीहून येणाऱ्या बसमध्ये बसवायला लावलं. दवाखान्यात तो धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर नवा टॉवेल टाकून आला, एखाद्या पाहुणचाराला यावं तसा. मी त्याला पलंगावर आडवं केलं आणि हातापायांना चिमटे लावायला लागले.

"मले काऊन बांधून राह्यली? मी काय पळून जातो?"

"बोलू नका मामा. सुया हलते."

यंत्रातून कागदाची पट्टी सरसरत बाहेर आली. अशा पट्ट्या मी रोज पाहते. चांगल्या पट्टीत आधी एक छोटं टेकाड येतं आणि मग एक उंच सुळका. टेकाड म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याने हुकूम सोडला, सुळका म्हणजे खालच्या कप्प्याने तो ऐकला. दोघांमधलं अंतर थोडकं असतं आणि दर ठोक्याला तेवढंच असतं. मामाच्या पट्टीत ते अंतर पहिल्यापासूनच जास्त होतं. पुढच्या ठोक्याला आणखी वाढलं, त्याच्या पुढच्याला आणखी, आणि मग एक टेकाड नुसतंच आलं. सुळका नाही. सगळी रेघ सपाट. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखं सुरू. पट्टीच्या शेवटाला तर एकाआड एक टेकाड एकटं पडलं होतं. नाडी चाळिशीत.

दुसऱ्या कुणाची पट्टी असती तर मी एका दमात निदान सांगून मोकळी झाले असते. इथे मी पट्टी पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

मामाने मान उंचावून कागद पाहिला. "काय लिवलं त्यानं? तेलुगू असन तर शाळेतल्या सारूले दाखवू."

"तेलुगू नाई मामा." मी त्याच्या शेजारी बसले आणि कसं सांगावं याचा विचार केला. "तुमची तामसीची बस कशी येते? पयली थोडी उशिरा. दुसरी त्याहून उशिरा. तिसरी अजून उशिरा."

"अन् चौथी येतच नाई," मामा म्हणाला. त्यात त्याला काहीच नवल वाटलं नाही. "मंग त्याच्या पुढची येते टायमावर. रोजचं हाय ते."

"तसंच तुमच्या छातीत होऊन राह्यलं. वरून बस सुटते, खाली पोचत नाई. जवा पोचत नाई तवा तुमाले अंधारी येते."

मामाने विचारलं, "अन् फाट्यावरचे लोकं?"

"उभेच राह्यते."

"बिचारे," मामा म्हणाला.

हृदयाचे मोठे डॉक्टर आमच्याकडे पंधरवड्याने हैदराबादहून येतात. सगळे त्यांना सर म्हणतात. तेलुगू माणूस, पण मामाशी आपल्या दख्खनी हिंदीत बोलले. पहिला प्रश्न त्यांनी नेमका तोच विचारला जो विचारायला हवा होता: कौनसी गोली लेते? मामाने बंडीच्या खिशातून बीपीच्या गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. सरांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. ही गोळी हृदयाला सावकाश चालवते; काही म्हाताऱ्या माणसांत इतकी सावकाश, की वरचा हुकूम खाली पोचत नाही. "ये बंद. आज से एकदम बंद," सर म्हणाले. सात-आठ दिवसांनी पुन्हा पट्टी काढायची ठरली. मी निर्धास्त झाले. गोळीचा दोष निघाला म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

सात-आठ दिवसांनी पट्टी काढली ती जवळजवळ तशीच. तीच लांबत जाणारी अंतरं, तीच एकटी टेकाडं.

"मामा, खरं सांगा. गोळी बंद केली का नाई?"

"पैनगंगेची आण. सारूनं बंद म्हटलं त्या दिवसापासून हात नाई लावला."

मामा खोटं बोलत नाही. मामीही मान हलवत होती. मी पट्टीचा फोटो सरांना पाठवला. सरांनी फोन केला आणि जे मला दिसत होतं तेच सांगितलं: गोळी सोडूनही फरक नाही, म्हणजे आतली वाटच झिजली आहे. मशीन बसवावं लागेल, खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, ठोका चुकला की मागून ढकलणारं. हैदराबादची तारीखही त्यांनी दिली, लग्नाच्या थोडी आधीची. मामाने मला उचलण्याबद्दल मी भीतभीतच विचारलं. फोनवर क्षणभर शांतता होती. सरांनी मला पाहिलेलं आहे.

"अम्मा, उस हाथ से कुछ महीने तो बिल्कुल वजन नहीं उठाना," ते म्हणाले.

मामाला हे सांगितलं तेव्हा त्याने लगेच तोडगा काढला. "मशीन लग्नानंतर बसवू."

"मंग लग्नच मशीननंतर करू."

"तारीख निघाली. मांडव सांगतला. असं कोणी करते काय?"

"अन् भर मांडवात अंधारी आली तर?"

"तुले हातावर घेऊन? मी तुले पडू देईन?"

"मी माह्या पडण्याचं नाई बोलून राह्यली मामा."

खांद्यावरचा टॉवेल काढून मामाने त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग जमिनीकडे बघत विचारलं, "मंग तुले कोन नेईन?"

"मी चालत जाईन. पाय हायेत मले."

बाहेर येऊन मी विनाकारण दोन माणसांवर खेकसले. तिशीची बाई, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि मला रडू येत होतं कशाचं, तर मला कुणी उचलून घेणार नाही याचं. मला मामाच हवा होता. आणि मामा जिवंत हवा होता. दोन्ही एकदम मिळत नव्हतं. ईशानला पट्टीचं सगळं समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे वरून लाइन चालू हाय, खाली ट्रान्सफॉर्मर पकडत नाई." अगदी बरोबर बोलला. पुढे म्हणाला, "काई चिंता नको करू, तुले मीच उचलून नेतो." मी त्याला सांगितलं, नवरा उचलून नेतो त्याला आमच्या गावात पळवून नेणं म्हणतात.

हैदराबादला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मामाला आणायला गेले. कपड्यांची पिशवी भरून दारात ठेवलेली. कोपऱ्यात ज्वारीचं पोतं, कुणी न उचललेलं. ओसरीच्या भिंतीवर मामाची दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी, एक तेलुगू, एक मराठी. ती मी लहानपणापासून पाहत आले आहे. मामाचं निम्मं शेत नदीच्या अलीकडे तेलंगणात, निम्मं पलीकडे महाराष्ट्रात, मामीचं माहेरही तिकडचं. जिकडे कापसाला भाव तिकडे गाडी वळायची. सणाची सुट्टी जिकडे असेल तिकडची पाळायची.

मामीने चहा आणला. मामाने भिंतीतल्या देवळीतून एक पत्र्याची डबी काढली, तिच्यातून एक गोळी तोंडात टाकली आणि चहाबरोबर गिळली.

"मामा, हे कोणती गोळी?"

"बीपीची."

"बीपीची तर बंद केली होती ना?"

"ते इकडची होती," मामा शांतपणे म्हणाला. "हे तिकडची हाय."

मी बशी खाली ठेवली. "तिकडची म्हणजे?"

"पलीकडं दिवाळीत तपासणीचा कॅम्प लागला होता. तेवापासून तिकडच्या दवाखान्यातून येते. तुमच्या सारूनं इकडची बंद कर म्हटलं. केली बंद."

मी डबी हिसकावून घेतली. पाकिटाचा रंग वेगळा, कंपनी वेगळी, वरचं नाव वेगळं. पण आतलं औषध इकडच्या गोळीचीच सख्खी बहीण. दोघींचं काम एकच, हृदयाला सावकाश चालव म्हणून सांगणं. म्हणजे दिवाळीपासून दोघी बहिणी मिळून मामाला सांगत होत्या. एकीला घरी पाठवलं तरी दुसरीचं चालूच होतं, आणि तिचा डोस थोरला होता.

"मामा, सरांनी इचारलं होतं तुमाले. कोणत्या गोळ्या घेता म्हून इचारलं होतं."

"इकडच्या दवाखान्यात इचारलं," मामा म्हणाला, जणू मीच अडाणी. "इकडच्या माणसानं इचारलं तर इकडचं दाखवा लागते. तिकडचं दाखवलं का नाव कटते."

नदीकाठच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. दाखले असोत की धान्य, एका तीरावर दुसऱ्या तीराचं नाव काढायचं नाही. काढलं की कारकून विचारतो, तिकडून मिळते तर इकडं काऊन आले. मामाची सगळी हयात या नियमावर सुखरूप गेली. तोच नियम त्याने गोळ्यांना लावला.

"अन् दोन दोन खायाची गरजच काय होती?"

"मी सकाळी या तीरावर असतो, दुपारून त्या तीरावर," मामा म्हणाला. "बीपी तर दोन्हीकडं सोबतच येते ना. सकाळी इकडची घेतो, दुपारून तिकडची. अन् एवढ्या पिरमानं देते लोकं, कोणाचं मन काऊन मोडावं?"

मी ओरडले. किती ओरडले ते मला आठवत नाही, पण गोठ्यातल्या शेळ्या दावी ताणून बाहेर पाहायला लागल्या. मग ओरडता ओरडता मला हसू फुटलं. मी त्या ज्वारीच्या पोत्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मामीला वाटलं पोरीच्या डोक्यात काही झालं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मला एवढा आनंद त्याआधी कधी झाला नव्हता. लग्न ठरलं तेव्हाही नाही, आणि हे मी ईशानला सांगितलेलं आहे.

मी तिथूनच सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा म्हणाले, "दोनों साइड की?" आणि मग तेही हसत सुटले. हैदराबादचं थांबवा म्हणाले, पण वाट मोकळी होईपर्यंत दवाखान्यात डोळ्यांसमोर ठेवा. मामीने घरातली होती नव्हती ती सगळी औषधं एका पिशवीत भरून दिली. त्यात बैलाच्या जंताची गोळीही निघाली. ती कोण घेत होतं हे मी मुद्दामच विचारलं नाही.

मामा माझ्याच वॉर्डात राहिला. रोज सकाळी पट्टी निघायची आणि तो डोळ्यांवर चष्मा चढवून माझ्या आधी पाहायचा. आता त्याला टेकाड आणि सुळका ओळखू यायला लागले होते. पहिल्या दिवशी तीच रड. नंतर एकटी टेकाडं विरळ झाली. मग एका सकाळी पट्टी निघाली आणि मामाने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने वाचत नेली. टेकाड, सुळका. टेकाड, सुळका. मधलं अंतर जिथल्या तिथे. मी कंपासने मोजलं, पुन्हा मोजलं.

"आल्या?" मामाने विचारलं.

"सगळ्या आल्या."

"टायमावर?"

"टायमावर."

सर आले तेव्हा त्यांनी मामाला चालत्या पट्ट्यावर चालवलं. आधी सावकाश, मग जोरात. मामा टॉवेल कमरेला बांधून असा चालला की सरांना पट्टाच थांबवावा लागला. पडद्यावरची रेघ पाहून सर म्हणाले, "बागुंदी." 'छान आहे' अशा त्या एका तेलुगू शब्दावर मामा वॉर्डभर फिरून आला, प्रत्येक पलंगापाशी थांबून सांगायचा, "सारू म्हणते बागुंदी." मशीन आता नको, पण दर थोड्या महिन्यांनी पट्टी काढायची आणि बीपीची नवी गोळी एकच घ्यायची, एकाच तीराची. पोतं उचलायलाही परवानगी मिळाली, आधी अर्धं, मग पाऊण. सर निघताना मला म्हणाले, "अम्मा, तुम भी थोडा कम करो." मी साखर सोडली. त्या दिवसांत वॉर्डातली माणसं माझ्या वाऱ्याला उभी राहत नव्हती.

लग्न बोथला, आमच्या गावी, आमच्याच दारी झालं. मामाकडची पिवळी साडी नेसून मी आतल्या खोलीत उभी होते. बाहेर वाजंत्री सुरू झाली. नवी टोपी, नवा सदरा घालून मामा दारात आला. माझ्याकडे पाहून त्याने तळहात एकमेकांवर चोळले, पोत्याआधी चोळायचा तसे.

"चाल वं," तो म्हणाला आणि मला उचललं.

अंगण चांगलं लांब होतं. दोन्ही बाजूंनी दोन्ही तीरांचे नातेवाईक उभे, मामी आईचा हात घट्ट धरून. मी मामाच्या मानेभोवती हात टाकला होता आणि दोन बोटं गळ्याच्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे ठेवली होती. बायका म्हणाल्या, बघा कशी बिलगली मामाला. मी बिलगले नव्हते. मी मोजत होते. एक, आणि एक, आणि एक. थोडी जलद, भरलेली, सारख्या अंतराने. मधेच कुठे थांबेल म्हणून मी प्रत्येक ठोक्याआधी श्वास धरत होते. अक्षता कुठून येऊन पडत होत्या हेही मला दिसत नव्हतं.

निम्म्या अंगणात मामा पुढेच बघत हळूच म्हणाला, "काय करून राह्यली?"

"काई नाई."

"बस पाहून राह्यली ना?"

मी बोटं हलवली नाहीत.

"येऊन राह्यल्या का सगळ्या?"

"सगळ्या," मी म्हणाले. "एकबी नाई चुकली."

"मंग काढ ते बोटं," मामा म्हणाला. त्याला थोडा दम लागला होता आणि तो हसत होता. "अन् गळ्यात नीट हात टाक. डॉक्टर उद्या हो."

मी बोटं काढली आणि दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले.